शिकायच्या दिवसांची हजेरी



लावणी आटपली. गेले चार दिवस पाऊस येऊन-जाऊन आहे, म्हणून कलमांना कल्टार घालायचं काम धरलंय. तीस-पस्तीस झाडं अजून राहिलीत. आज त्यावरच लिहिणार होतो. पण काल बागेत एक बोलणं झालं आणि रात्रभर तेच डोक्यात राहिलं. त्यामुळे आजची नोंद झाडाची नाही, माणसाची आहे. थोडी लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे बारा वर्षं कामाला येणारा एक गडी आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. वय चाळिशीच्या आसपास, शाळा सातवीपर्यंत. फवारणी, काढणी, पेट्या भरणं, गडगा रचणं, सगळं येतं. तो मला भाऊ म्हणतो, मी त्याला दादा म्हणतो.

गेल्या वर्षी यंत्राने माडावर चढायचं सहा दिवसांचं प्रशिक्षण लागलं होतं. फी नाही, राहणं-जेवण तिथेच. मी स्वतः फोन करून दादाचं नाव दिलं होतं. तो गेला नाही. मी चिडलो आणि याच पानावर तेव्हा दोन ओळी लिहिल्या, की सरकार फुकट शिकवतंय, पण लोकांना शिकायची इच्छाच नाही. बऱ्याच जणांना ते पटलं होतं, तसं लिहिलंही होतं.

काल चहाला बसलो तेव्हा विषय निघाला. म्हटलं, दादा, तेव्हा का नाही गेलास? तो हसला. म्हणाला, "भाऊ, सा दिवस मी तिकडं पोटभर जेवलो असतो. घरातली चार माणसं काय जेवली असती?" आणि मग जरा थांबून, "त्या आठवड्यात हजेरी कुणाकडं होती माजी? तुमच्याकडंच ना."

मी गप्प बसलो. रात्री घरी येऊन हजेरीची वही काढली.

प्रशिक्षण होतं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. का, ते तुम्हाला माहीत आहे. ३१ मार्चला सरकारचं वर्ष संपतं, आलेला निधी त्याच्या आत खर्ची पडला पाहिजे. पण आपल्या रत्नागिरीत मजुराचं कमाईचं वर्ष तेव्हाच सुरू होतं. वहीप्रमाणे गेल्या वर्षी दादाचे माझ्याकडे ११२ दिवस भरले. मार्च ते मे ५८, जून-जुलै १७, ऑगस्ट-सप्टेंबर फक्त ६, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी ३१. इकडे-तिकडे आणखी चाळीस-पंचेचाळीस दिवस धरले तर वर्षाचे झाले १५५ च्या आसपास. गेल्या वर्षीची हजेरी ५०० रुपये. म्हणजे वर्षाला साडेसत्त्याहत्तर हजार, महिन्याला सरासरी साडेसहा हजाराच्या आत.

आता सहा दिवसांचं प्रशिक्षण घ्या. सहा हजेऱ्या म्हणजे ३००० रुपये. त्याच्या सरासरी महिन्याच्या कमाईतला जवळजवळ अर्धा भाग. ज्याला मी फुकट म्हणत होतो ते त्याला ३००० रुपयांना पडत होतं. तुमच्या-माझ्या घरात कुणाला सांगा, अर्ध्या महिन्याचा पगार सोड आणि शिकायला जा, पुढे काम मिळेलच असं नाही. कोण जाईल?

दादा बेकार नाही. सरकारी पाहणीच्या एका व्याख्येप्रमाणे वर्षात ३० दिवस काम केलं असलं तरी माणूस काम असलेल्यांत मोजला जातो. दादा त्याच्या पाचपट दिवस राबतो, म्हणजे कागदावर तो कामावर आहे. पण कामात आहे आणि तरी अर्धा रिकामा आहे, असा माणूस कोकणात घरोघर आहे. हंगामात त्याला श्वास घ्यायला वेळ नाही, श्रावणात तो ओटीवर बसून आहे. याच्यासाठी योजना कुठली, ते मी वही बाजूला ठेवून शोधायला लागलो.

पहिली सगळ्यांच्या तोंडी असलेली, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ च्या पावसाळ्यात आली, लोकांनी तिला लाडका भाऊ म्हटलं. काम शिकत असताना बारावीवाल्याला महिन्याला ६०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८०००, पदवीधराला १०,००० रुपये. आधी सहा महिने होते, पुढे मुदत वाढून अकरा महिने झाले. शिकणाऱ्याच्या हातात सरकारने पैसे दिले पाहिजेत हे तत्त्व सरकारला मान्य आहे, हे यातून दिसतं. चांगली गोष्ट आहे. पण वय १८ ते ३५ आणि शिक्षण किमान बारावी. दादा दोन्हीकडून बाहेर. शिवाय पुष्कळ पोरं-पोरी सरकारी कार्यालयांत आणि शाळांत लागली. मुदत संपल्यावर पुढे काय, म्हणून त्यांना आंदोलनं करावी लागली. त्यांचा राग मला समजतो. पैसे मिळाले, पण पुढे उभं राहता येईल असा धंदा बऱ्याच जणांच्या हातात आला नाही.

दुसरी पीएम विश्वकर्मा, सप्टेंबर २०२३ ची. प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, वर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत. वयाला वरची मर्यादा नाही, बारावीची अट नाही. आजच्या योजनांत शिकणाऱ्याच्या हजेरीचा विचार मला इथे सगळ्यात सरळ दिसला. पण ती १८ पारंपरिक धंद्यांसाठी आहे. सुतार, लोहार, गवंडी, होडी बांधणारे, जाळी विणणारे वगैरे. बागेतला मजूर त्या यादीत नाही.

तिसरी केंद्राची उन्नती, डिसेंबर २०१९ ची. मनरेगावर काम करणाऱ्या कुटुंबातल्या एका माणसाला कौशल्य शिकवायचं आणि शिकण्याच्या दिवसांची बुडालेली मजुरी मनरेगाच्या दराने द्यायची, जास्तीत जास्त १०० दिवस. वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. हे तर नेमकं दादाचंच दुखणं! वयाची मर्यादाही ४५ पर्यंत. मग अट वाचली. योजना आली तेव्हाची अट अशी, की कुटुंबाने आधीच्या वर्षात मनरेगाचे १०० दिवस पूर्ण केलेले हवेत. आमच्या वाडीत १०० दिवस भरलेलं एकही कुटुंब मला आठवत नाही. बागेत ५०० हजेरी चालू असताना २०२५-२६ च्या दराने ३१२ रुपयांच्या कामावर कोण जाणार होतं? आणि बागेत काम नसतं तेव्हा धो-धो पाऊस असतो, मातीची कामं बंद.

आणि आरसेटीसारखी बँकांमार्फत चालणारी स्वरोजगार प्रशिक्षणं आहेत. शिकवणं मोफत, राहणं-जेवण मोफत. शिकवतात चांगलं, याच गावातल्या दोघी-तिघी तिथून शिकून आल्यात. पण जेवण शिकणाऱ्याचं. मागे राहिलेल्या घराची चूल त्यात धरलेली नाही. वहिनींना, म्हणजे दादाच्या घरातून, काजू प्रक्रियेचं शिकायचं होतं. त्यांच्या हजेरीचा दर आधीच पुरुषांपेक्षा कमी, घरात म्हातारी सासू आणि दोन शाळेची पोरं. राहून शिकायचं त्यांना जमणारच नव्हतं, आणि रोज येऊन-जाऊन करायचं तर एसटीचं भाडं आणि बुडलेली हजेरी, दोन्ही अंगावर.

थोडक्यात, सरकार मास्तराचे पैसे देतं, हॉलचे देतं, जेवणाचे देतं. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याच्या दिवसाचे पैसे मात्र कुठे अटीत अडकतात, कुठे धरलेलेच नसतात.

आता तुम्ही म्हणाल, सरकारने किती म्हणून द्यायचं? मंडळी, आपण बागायतदारांनी तरी हे म्हणू नये. आपल्या आजूबाजूला उभ्या असलेल्या बागा बघा. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली. वरकस जमिनीवर खड्डे मारायला, कलमं लावायला, ती जगवायला सरकारने पैसे दिले, आणि मजुरी मिळाली ती स्वतःच्याच जमिनीत राबण्याची. कोकणातलं कितीतरी कातळ आणि वरकस त्यामुळे आंबा-काजूखाली आलं. माझ्या वडिलांनी लावलेली साठ कलमं त्यातलीच. आज जी मी विकतो त्या पेट्या तिथून येतात.

तेव्हा सरकारने काय ओळखलं होतं? कलम लावल्या दिवशी आंबा देत नाही. चार-पाच वर्षं नुसतं घालत राहायचं असतं, आणि गरीब शेतकऱ्याकडे तेवढा दम नसतो. तो मधला काळ सरकारने अंगावर घेतला. आत्ताची भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना पण तशीच, २०१८ पासूनची. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के, आणि पुढचा हप्ता झाडं जगली असतील तर.

माणूस शिकतो तेव्हाही मधला काळ असतोच. झाडाला तो काळ आपण मान्य केला, माणसाला का नाही?

रत्नागिरीच्या माणसाला हे दुसऱ्या बाजूनेही ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आपल्याकडे असं गाव नसेल ज्यातलं कुणी गिरणीत नव्हतं. माझे चुलते संपानंतर ट्रंक घेऊन गावी आले ते परत गेलेच नाहीत. साच्यावर हात बसलेला माणूस, चाळिशीत नांगराला लागला. पुढे १९८६ मध्ये केंद्राने बंद गिरण्यांच्या पात्र कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. मधल्या काळाला आधार लागतो हे तेव्हाही मान्य झालं होतं. पण दुसरं काही शिकवणं त्याला जोडलेलं नव्हतं. ज्यांना ते पैसे मिळाले त्यांचे तीन वर्षांत संपले, आणि हातात तोच जुना धंदा राहिला, ज्याची गिरणीच उरली नव्हती. तेव्हा आधार होता, शिकवणं नव्हतं. आता शिकवणं आहे, आधार नाही. दोन्ही एकत्र बांधल्याशिवाय गाडी चढ चढत नाही.

बाहेरच्या देशांत बघा. सिंगापूरने २०२५ पासून चाळिशीच्या पुढच्या माणसाला ठरावीक पूर्णवेळ अभ्यासक्रम घेताना त्याच्या आधीच्या सरासरी कमाईच्या अर्धे पैसे द्यायला सुरुवात केली आहे, वरची मर्यादा महिन्याला तिथले ३००० डॉलर. तो श्रीमंत देश, आपली त्याच्याशी बरोबरी नाही. पण चाळिशीतला माणूस घर चालवत असतो, आणि घर चालवणारा माणूस उपाशीपोटी शिकत नाही, एवढं त्यांनी ओळखलंय.

आता तीन आक्षेप. मी स्वतःच कधी ना कधी घेतलेले आहेत, म्हणून सांगतो.

एक, फुकट पैसे दिले की लोक आळशी होतात. ३१२ रुपयांत आळशी व्हायला परवडत नाही हो. बागेत ५०० मिळत असताना कुणी ३१२ साठी प्रशिक्षणाला पळणार नाही. ज्याच्याकडे त्या दिवशी काम नाही आणि ज्याला खरंच शिकायचंय तोच जाईल. दर हजेरीपेक्षा कमी ठेवला की चाळणी आपोआप लागते.

दोन, नुसत्या सह्या करून पैसे खातील. ही भीती खरी आहे. कागदावरचे वर्ग आपण सगळ्यांनी ऐकलेत. त्यावर उपाय आपल्याच फळबाग योजनेत आहे. सगळे पैसे एकदम देऊ नका. मोठा भाग शिकताना रोजच्या हजेरीवर थेट खात्यात द्या, थोडा सहा महिन्यांनी माणूस त्या कामाला लागला असेल तर द्या. शिकवणाऱ्या संस्थेचेही काही पैसे तसेच मागे ठेवा. झाड जगलं तर हप्ता, तसं माणूस कामाला लागला तर हप्ता.

तीन, आणि हे आपण बागायतदार मोठ्याने बोलत नाही. मजूर शिकला तर आपल्याकडे येणार कोण? आत्ताच निम्म्या बागा नेपाळी भावांच्या भरवशावर चालतात. मंडळी, मार्चच्या त्या आठवड्यात दादा प्रशिक्षणाला गेला नाही याचं मला मनातून जरा बरंच वाटलं असणार. काढणी चालू होती. वरून चिडलो, आतून निश्चिंत होतो. हे लिहायला सोपं नाही, पण खरं आहे. पण १५५ दिवस काम देऊन ३६५ दिवस माणूस राखून ठेवायचा, हा हिशेब किती दिवस चालेल? आपल्या गावची पोरं मुंबईला जातात ती याच हिशेबाला कंटाळून. न शिकलेला माणूस आपल्याकडे राहतो असं नाही, तोही जातोच. फक्त तो तिकडे जाऊन वॉचमन होतो.

आणि शिकलेल्या हाताची गरज आपल्यालाच आहे. गेल्या महिन्यात माड काढायला मी झाडामागे ८० रुपये दिले, तेही तीन आठवडे माणसाची वाट बघून. दिवसाला पंधरा माड झाले तरी १२०० रुपये. जुन्या उंच आंब्यांची छाटणी करून ते नव्याने फळाला आणायचं तंत्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिलंय. पण साखळीची करवत धरून झाडावर नीट छाटणी करणारी माणसं आपल्या तालुक्यात शोधून सापडत नाहीत. काजू प्रक्रिया, पंपाची दुरुस्ती, होडीच्या इंजिनाचं काम, छपरावरचं सोलर. कामं आहेत, माणसंही आहेत. दोघांच्या मधे वीस दिवसांचं शिकणं आहे आणि त्या वीस दिवसांची हजेरी.

हिशेब करू. मनरेगाचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये. वीस दिवसांचे झाले ६२४०. जिल्ह्यातल्या १००० माणसांना द्यायचे तर ६२ लाख ४० हजार. युवा योजनेत एका बारावीवाल्या मुलावर सहा महिन्यांत ३६,००० जातात. तेवढ्यात दादासारखे पाच जण वीस-वीस दिवस शिकतील आणि वर ४८०० रुपये उरतील. मुलांचे काढून घ्या असं मी म्हणत नाही, त्यांनाही घर आहे. रक्कम किती लहान आहे ते दिसावं म्हणून सांगितलं.

पैसा कुठून? तोही रस्ता महाराष्ट्राने आधीच काढून ठेवलाय. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर गेली. त्याआधी १९६५ ला तासगाव तालुक्यातल्या विसापुरात तिचा प्रयोग झाला होता. कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. तुमच्यापैकी जे नोकरीत आहेत त्यांनी पगाराची स्लिप बघा. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. तो कर मुळात खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम मिळावं म्हणून सुरू झाला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराचा हात धरायचा, अशी ती कल्पना. तेव्हा खडी फोडायला काम दिलं, पुढे कलम लावायला दिलं. आता शिकायला द्या. शिकणं हेही कामच आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शेतमजूर आणि हंगामी कामगाराला, वयाची वरची अट न घालता, बारावी न विचारता, १०० दिवसांची अट न लावता, शिकायच्या प्रत्येक दिवसाची रोजगार हमीच्या दराने हजेरी मिळावी. बाईला आणि पुरुषाला सारखी. प्रशिक्षण लागावं लावणी संपल्यावर आणि भातकापणीच्या आधी, मधे गणपती सोडून. मार्चअखेर नाही. जमेल तिथे तालुक्याच्या गावी किंवा वाडीच्या शाळेत, म्हणजे वहिनींसारख्या बायकांना संध्याकाळी घरी येता येईल. ग्रामसभेत हा ठराव मांडणार आहे. एका ग्रामसभेने कायदा बदलत नाही हे मलाही कळतं, पण आमदारांच्या हातात द्यायला कागद तरी होईल.

तोवर माझ्या हातातलं मी करतो. दादाला काल सांगितलं, यंदा प्रशिक्षण लागलं की जा, त्या दिवसांची अर्धी हजेरी माझ्याकडून. त्याने लगेच हो म्हटलं नाही. म्हणाला, "बघूया, भाऊ. मार्चात लागलं तर?" मी म्हटलं, मार्चात लागलं तरी. आता शब्द दिलाय, तुम्ही सगळे साक्षी.

आणि गेल्या वर्षीच्या त्या दोन ओळी काढून टाकत नाही, तशाच ठेवतोय. खाली फक्त एवढं लिहिलंय की हे चुकीचं होतं, वही बघायच्या आधी लिहिलं होतं.

तुमच्याकडे हजेरीचा दर काय चाललाय आणि तुमच्याकडच्या माणसाचे वर्षात किती दिवस भरतात, वही बघून सांगा. अंदाजाने नको. मीही बारा वर्षं अंदाजानेच बोलत होतो.

उद्या उघाड मिळाली तर राहिलेल्या झाडांना कल्टार. त्याची नोंद परवा.